सासूबाईंना उठवायचं राहिलं

बायको गेली तो दिवस आणि ती वेळ त्याच्या पक्की लक्षात होती. बायकोची डिझाइनं नेमकी कधी गेली, हे मात्र त्याला आजही सांगता येत नाही. कळलं ते एका मंगळवारी सकाळी, दुकान उघडून पंधरा-वीस मिनिटं झाली होती तेव्हा.

समोर फुटबॉल संघाचा प्रशिक्षक उभा होता. जुनंच गिऱ्हाईक. दर वर्षी बावीस शर्ट, छातीवर डावीकडे तोच बिल्ला. डिझाइन तयार होतं, फक्त संगणकातून मशीनला पाठवायचं. त्याने फोल्डर उघडलं, तर आत सगळ्या फाइली होत्या, पण प्रत्येकीच्या नावापुढे एक शेपूट लागलं होतं, सात निरर्थक अक्षरांचं. रंगीत चित्रांच्या जागी नुसते पांढरे कागद. बिल्ला उघडेना. त्याच्या खालचा उघडेना. दहावा उघडेना.

"काय झालं हो, टाकेवाले?" प्रशिक्षक म्हणाला. दुकानाच्या पाटीवर नुसतं 'टाके' असं लिहिलेलं होतं, म्हणून सगळा रस्ता त्याला टाकेवालेच म्हणायचा.

"थांबा जरा."

त्याने बिल्ल्याचा नाद सोडला आणि 'नातवंड' नावाचं फोल्डर उघडलं. त्यात बारा फाइली होत्या. बाराही शेपटांसकट. शेवटी एक तेरावी होती, ती आपली नव्हती. ती उघडली. तुमच्या सर्व फाइली आता आमच्या कुलपात आहेत. किल्ली हवी असल्यास पाच दिवसांत पैसे पाठवा. पाच दिवसांनंतर किंमत दुप्पट. दहा दिवसांनंतर किल्ली नष्ट. आणि खाली पत्ता.

त्याने ते दोनदा वाचलं. मग प्रशिक्षकाला म्हणाला, "शर्ट ठेवून जा. नाहीतर घेऊनच जा." प्रशिक्षकाने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि शर्टांचं गाठोडं उचललं.

दुकान म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत काउंटर आणि संगणक, तिथे ती बसायची. मागच्या खोलीत भरतकामाचं मशीन, बारा सुयांचं, तिथे तो. चित्र काढायचं, कुठला टाका कुठे पडेल, कुठला धागा आधी, कुठला नंतर, हे सगळं तिने संगणकावर करायचं. त्या कामाला धंद्यात पंचिंग म्हणतात. मशीन तेच मुकाट्याने कापडावर उतरवायचं. लोक म्हणायचे, टाकेवाल्यांच्या हातात जादू आहे. तो म्हणायचा, माझ्या हातात फक्त कात्री आहे, जादू पुढच्या खोलीत बसते. अकरा वर्षांत तिने दोन हजारांवर डिझाइनं केली. शाळांचे बिल्ले, दवाखान्यांची नावं, रुमालावरची अक्षरं. धंदा त्यावर चालायचा, हे खरं. पण ते बिल्ले पुन्हा करून घेता आले असते, पैसे टाकले की पंचिंग करून देणारे चार जण मिळतात. 'नातवंड' कोणाकडून करून घेणार?

त्यांची एकच मुलगी, लांब दिलेली. लग्नाला आठ वर्षं झाली तरी मूल नव्हतं. दुखणं अंगात शिरल्यावर एक दिवस बायकोने न विचारता बाळाच्या पांघरुणाचं काम काढलं. बारा चौकोन, प्रत्येकात एक प्राणी.

"अगं, कशात काय नाही आणि तू पांघरूण काय करतेस?" तो म्हणाला होता.

"होईल तेव्हा होईल. डिझाइन काही शिळं होत नाही."

प्राणी सगळे कामकरी. मुंगी, कोळी, गांडूळ, सुगरण, गोगलगाय घर वाहताना. आळशी जनावर एकही घ्यायचं नाही, असा तिचा नियम. बारावं मात्र मांजर. "हे कुठलं काम करतं?" त्याने विचारलं. "हे तुमच्या लेकीला आवडतं, तेवढं काम पुरे," ती म्हणाली. चित्र तिने दाखवलं नाही. कुठलंच दाखवायची नाही. पडद्यावरचं बघू नका, कापडावरचं बघा, असं म्हणायची. कागदावर तर ती कधी काढायचीच नाही, थेट पडद्यावर. बारावं चित्र संपवल्यावर सात आठवड्यांनी ती गेली.

त्यानंतर चार महिन्यांनी मुलीचा फोन आला, रडत-हसत. तेव्हापासून दर महिन्याच्या एका रविवारी, दुकान बंद असताना, तो एक चौकोन भरायचा. घाई केली नाही. एक चौकोन झाला की तिच्याकडून आलेली एक गोष्ट संपली, असं त्याला वाटायचं, म्हणून पुरवून पुरवून. मग बाळ जवळ आल्यावर दोन-दोन केले. सात झाले होते. सुतारपक्षी, मधमाशी, रेशमाचा किडा, खार आणि मांजर राहिले होते. आणि त्या पाचांच्या जागी आता पाच पांढरे कागद होते.

मशीन जुनं. एका वेळी एकच डिझाइन पोटात ठेवायचं आणि बंद केलं की तेही विसरायचं. तिथे शोधण्यात अर्थ नव्हता. मुलीने एक वेगळी डिस्क दिली होती, सगळ्याची दुसरी प्रत ठेवायला. ती संगणकाच्या मागे लावलेलीच होती. तिच्यातही तीच शेपटं.

चार दुकानं सोडून, तळघरात, संगणक दुरुस्त करणारी बाई होती. पन्नाशीच्या पुढची. आधी बावीस वर्षं टंकलेखन शिकवायची, म्हणून अजून मास्तरीणबाईच. ती आली, उभ्या उभ्याच पडदा पाहिला, आणि आधी मागून इंटरनेटची तार ओढून काढली. मग खुर्ची ओढून बसली.

"हात लावला कोणी?"

"मीच. उघडून पाहिलं."

"पैसे पाठवले नाहीत ना?"

"नाही. पण पाठवतो म्हणतोय."

"नका. किल्ली देतील याची खात्री कोण देणार? चोर? आधी पोलिसांत नोंद करा." मग ती मागे वाकली. "ही डिस्क कायम लावून ठेवायला कोणी सांगितलं? प्रत काढली की काढून कपाटात टाकायची असते. घराची दुसरी किल्ली दारालाच लटकवून ठेवल्यासारखं झालं हे."

डिस्क कायम लावून ठेवणारी त्याची बायको होती. रोज काढ-घाल कोण करणार, म्हणायची.

"मी ठेवली," तो म्हणाला.

मास्तरीणबाई पडद्यावर इकडे तिकडे बघत होती. मध्येच तिचा हात थांबला. "तुमचा अँटिव्हायरस बंद आहे. आज नाही, गेले सात महिने बंद आहे. कोणी केला?"

ते सांगायला त्याला जरा वेळ लागला, कारण ते सांगायचं म्हणजे त्या दोघांचं बोलणं परक्या बाईपुढे मांडायचं होतं.

डिझाइन मशीनला पाठवणारा प्रोग्राम फार जुना होता. बनवणारी कंपनी कधीच बुडाली होती. अँटिव्हायरस घातल्यापासून त्याचा या प्रोग्रामवर दात. डिझाइन पाठवायला घेतलं की लाल चौकट यायची, 'धोका आढळला', आणि प्रोग्राम उचलून कोठडीत. खरं तर धोका वगैरे काही नव्हता. पहिल्याच आठवड्यात बायकोने अँटिव्हायरसचं नाव सासूबाई ठेवलं. "घरच्याच माणसावर संशय घेतात, आणि खरा चोर आला तर घोरत पडतील," असं म्हणायची. मग तिने एक पद्धत बसवली. पाठवण्याआधी ती पुढून ओरडायची, "झोपवलं!" म्हणजे अँटिव्हायरस बंद केला. डिझाइन तारेतून मशीनमध्ये पोचलं की तो मागून ओरडायचा, "आलं!" मग ती, "उठवलं!" दिवसातून दहा वेळा. गिऱ्हाइकं हसायची. एकाने विचारलं होतं, आत पाळणा आहे का म्हणून.

बंद करताना ते विचारायचं, किती वेळ बंद करू. पंधरा मिनिटं, एक तास, की मी पुन्हा सुरू करेपर्यंत. मोठं डिझाइन जायला वीस-वीस मिनिटं लागायची, म्हणून ती नेहमी शेवटचं निवडायची. आणि 'आलं' ऐकू आलं की आठवणीने सुरू करायची. अकरा वर्षांत कधी चुकली नाही. चुकली ती शेवटच्या दोन महिन्यांत, औषधांच्या गुंगीत.

ती गेल्यावर दोन्ही खोल्या त्याच्याकडे आल्या. पुढे बसून झोपवायचं, मग मागे जायचं. पहिले काही महिने तो मागून "आलं!" असं ओरडायचाही. तोंडातून निघून जायचं. पुढच्या खोलीतून काही यायचं नाही. तो मग जीभ चावून पुढे जायचा, स्वतःच सुरू करायचा. एके दिवशी त्याने ठरवलं की आता हे ओरडणं बंद करायचं, लोक वेडा म्हणतील. ओरडणं थांबलं, आणि त्याच्या मागून करायचं काम होतं तेही थांबलं. त्याच्या ध्यानातच आलं नाही. डिझाइन आलं की तो कापड फ्रेमला लावायचा, धागे ओवायचा, मशीन सुरू करायचा. पुढच्या खोलीत काही उरलंय असं त्याला वाटायचं नाही.

हे सगळं त्याने चार वाक्यांत सांगितलं. मास्तरीणबाईने ऐकून घेतलं.

"ओरड खोटी होती हे कबूल," ती म्हणाली. "प्रोग्राम जुना, त्यावर कोणाची सही-शिक्का नाही, वर थेट तारेवर हात टाकतो. घरातलाच माणूस भिंतीवरून उडी मारून आत आला तर पहारेकरी शिट्टी मारणारच. पण म्हणून रोज पहारेकऱ्याला घरी पाठवायचं? त्याला एवढंच सांगायचं की बाबा, हा एक आमचा, याला सोड, बाकीच्यांवर लक्ष ठेव. तशी यादी असते आत. एकदा नाव घातलं की संपलं. दोन मिनिटांचं काम."

"दोन मिनिटांचं?"

"फार तर तीन."

तो काउंटरला टेकून उभा होता. अकरा वर्षं, दिवसाला दहा वेळा. "आम्हाला कोणी सांगितलं नाही."

"विचारलं असतंत तर सांगितलं असतं. मी तळघरात बसते, चंद्रावर नाही." मग तिच्याच लक्षात आलं की आता हे बोलून उपयोग नाही. ती पुन्हा पडद्याकडे वळली. "बंद होता हे दार उघडं असण्यासारखं. पण आत कोणी तरी आलंय, आणि आपण होऊन आलेलं दिसत नाही. गेल्या गुरुवारी दुपारी तुम्ही वेबवर काही शोधत होतात."

"एका दवाखान्याने बिल्ल्याचं चित्र पाठवलं होतं. उघडत नव्हतं. ते उघडायचं काही तरी मिळतंय का पाहत होतो."

"मग? काही दाबलंत?"

"नाही."

"आठवून बघा."

"काही नाही दाबलं म्हटलं ना."

"टाकेवाले, मी बावीस वर्षं वर्गात उभी राहिले आहे. कोण शेजारच्याचं बघून लिहितोय ते मला पाठमोरी असतानाही कळायचं."

बाहेर रस्त्यावर कोणी तरी शटर ओढलं. मग तो म्हणाला, "एक पान आलं होतं. लाल. एकदम भोंगा वाजायला लागला. त्यावर लिहिलं होतं, तुमच्या संगणकाचं संरक्षण बंद आहे, आत्ता सुरू करा."

"आणि तुम्ही सुरू केलंत."

"बंदच होतं ना ते! मला तेव्हा आठवलं. वाचलं आणि धस्स झालं. हिचं काम आपल्याकडून राहिलं, किती दिवस राहिलं कोणास ठाऊक. खाली हिरवं बटण होतं, सुरू करा म्हणून. दाबलं. वाटलं, चला, उठवलं एकदाचं."

मास्तरीणबाईने चष्मा काढून पदराने पुसला, परत लावला.

"त्या पानाला तुमचं आत काय चालू, काय बंद, हे दिसत नाही हो," ती शेवटी म्हणाली, आधीपेक्षा हळू. "ते सगळ्यांना तेच सांगतं. ज्याचं चालू आहे त्यालाही सांगतं, बंद आहे म्हणून. चोराच्या उलट्या बोंबा. तुमचं नेमकं बंद होतं, हे नशीब."

"मग माणसाने ओळखायचं कसं?"

"काय ओरडतंय ते नाही, कोण ओरडतंय ते बघायचं. तुमचा अँटिव्हायरस स्वतःच्या चौकटीतून ओरडतो. वेबचं पान ओरडायला लागलं की ते सरळ बंद करायचं. त्यावरचं कुठलंही बटण दाबायचं नाही, 'नको' लिहिलेलंसुद्धा नाही, तेही त्यांचंच. शंका आली तर आपण आपल्या हाताने आपला प्रोग्राम उघडून पाहायचा. आणि चित्र उघडायचं काही हवं असेल तर ज्याने ते बनवलं त्याच्याच ठिकाणाहून घ्यायचं, शोधल्यावर सगळ्यात वर काय आलं म्हणून नाही. वरचं पुष्कळदा पैसे भरून वर बसलेलं असतं."

"सांगताय छान," तो म्हणाला. "वरातीमागून घोडं."

"हो," ती म्हणाली. "माझं घोडं नेहमीच वरातीमागून असतं. आधी बोलावतो कोण?"

त्या दुपारी त्याने पोलिसांत नोंद केली. नोंद घेणाऱ्याने विचारलं, "गेलं काय नेमकं?" तो म्हणाला, "भरतकामाची डिझाइनं." पोलिसाने लिहून घेतलं, आणि असे प्रकार दर आठवड्याला चार-पाच तरी असतात, असं म्हणाला.

बुधवारी सकाळी त्याने मास्तरीणबाईला न सांगता एक गोष्ट केली. शेजारच्या दुकानातल्या संगणकावरून त्या चोरांच्या पत्त्यावर पत्र लिहिलं. लिहिलं की मी टाके घालणारा माणूस आहे. माझी बायको वारली आहे. बाकीची दोन हजार डिझाइनं ठेवून घ्या. मला फक्त पाच द्या, त्यांचा तुम्हाला काही उपयोग नाही, ती लहान मुलाची आहेत. पाचांची नावंही दिली. चार मिनिटांत उत्तर आलं. तोच मजकूर होता, तीच किंमत, तोच पत्ता. फक्त पाच दिवसांच्या जागी चार दिवस लिहिलेलं होतं. त्याचं पत्र कोणी वाचलेलंच नव्हतं.

दुपारी मुलीचा फोन आला. बुधवारी तिचा यायचाच.

"बाबा, जेवलात?"

"जेवलो. तू कशी आहेस? पाय सुजतात का अजून?"

"सुजतात. आवाज का असा तुमचा?"

"कसा? नेहमीचाच आहे. काम जोरात आहे. उन्हाळ्यात तो फुटबॉलवाला येतो ना, त्याचे शर्ट..."

"बाबा, ताकाला जाऊन भांडं लपवू नका. काय झालंय?"

त्याने सांगितलं. लाल पान, हिरवं बटण, सगळं. आईची डिस्क कायम लावलेली असायची, तेवढं सांगितलं नाही.

"मांजर?" तिने विचारलं.

"तेही."

"मी तुम्हाला किती वेळा म्हटलं होतं, बाबा. वेबवर काही शोधायचं असलं तर मला फोन करा. किती वेळा म्हटलं होतं?"

"पुष्कळदा."

"मग का नाही केलात?"

"दुपारची वेळ होती. तू झोपली असशील, वाटलं."

ती रडायला लागली. मग म्हणाली, "मी नंतर करते," आणि फोन ठेवला. गुरुवारी फोन आला नाही. शुक्रवारीही नाही. त्याने तीनदा फोन हातात घेतला आणि तीनदा काउंटरवर ठेवला. काय बोलणार? सॉरी हा शब्द गिऱ्हाइकाला चालतो.

शुक्रवारी संध्याकाळी मास्तरीणबाई परत आली. संगणकात नवी डिस्क घालून तो नव्याने उभा करायचा होता. आतली जुनी डिस्क ती काढून ठेवणार होती. अशा कुलपांच्या किल्ल्या कधी कधी पुढे सापडतात, पोलिसांच्या हाती लागतात, लोकांना फुकट मिळतात. "कधी?" त्याने विचारलं. "दोन वर्षांनी, पाच वर्षांनी. कधी कधीच नाही. मी खोटी आशा लावत नाही."

डिस्क काढण्याआधी काही राहून जायला नको म्हणून ती एकेक जागा बघत होती. अँटिव्हायरसची कोठडी उघडली, म्हणजे तो संशयित फाइली कुलपात टाकतो ती जागा. आत मोठी यादी होती.

"बापरे. तुमच्या सासूबाईंनी एकाच माणसाला दोनशे वेळा अटक केली आहे." तो जुना प्रोग्रामच होता, पुन्हा पुन्हा. ती खाली सरकत गेली. मग म्हणाली, "हे काय? ही प्रोग्रामची नावं नाहीत."

तो काउंटरला वळसा घालून आला.

जुना प्रोग्राम डिझाइन पाठवण्याआधी त्याचं एक बंद पुडकं बांधायचा. झोपवायचं विसरलं तर अँटिव्हायरस कधी प्रोग्रामला पकडायचा, कधी त्या पुडक्याला. यादीच्या तळाशी तशी दोन पुडकी होती. तारखा तिच्या शेवटच्या दोन महिन्यांतल्या. एकावर 'मधमाशी'. दुसऱ्यावर 'खार'.

त्याला तो दिवस आठवला. ती पुढून ओरडली होती, "अहो, सासूबाईंनी माझी मधमाशी खाल्ली!" आणि तो आतून म्हणाला होता, "झोपवायला विसरलीस." "विसरले," ती म्हणाली होती. "राहू दे, आता दमले. उद्या बघू." दुसऱ्या दिवशी तिने पाठवायचा विषय काढला नाही, आणि त्यानेही काढला नाही, कारण ती विसरायला लागली आहे हे दोघांनाही बोलायचं नव्हतं.

"चोराने घरातलं सगळं कुलपात घातलं," मास्तरीणबाई म्हणाली, "पण हे आधीच दुसऱ्याच्या कुलपात होतं. त्याला हे दिसलं नाही." ती वळली. "आता लगेच उघडा म्हणू नका. ओरड खोटीच असणार, पण असणार म्हणजे आहे असं नाही. मी हे माझ्या वेगळ्या संगणकावर नेते, जो कशालाच जोडलेला नाही. दोन-तीन वेगवेगळ्या प्रोग्रामनी तपासते. तुमच्या घाईने एकदा काय झालं ते पाहिलंत ना."

"अजून बघा. अजून खाली असतील."

"नाहीत. हे शेवटचं."

"मांजर म्हणून काही?"

"नाही, टाकेवाले. मी दोनदा पाहिलं."

शनिवारी दुपारी ती एक छोटा पेन ड्राइव्ह घेऊन आली. दोन्ही पुडकी स्वच्छ होती. नव्याने उभ्या केलेल्या संगणकावर तिने आधी त्या जुन्या प्रोग्रामचं नाव यादीत घातलं. दोन मिनिटंही लागली नाहीत. तो शेजारी उभा राहून बघत होता. "आता ओरडणार नाही," ती म्हणाली, "आणि बंदही करायला नको. बाहेरच्या डिस्कवर दर शनिवारी प्रत घ्या आणि डिस्क काढून घरी न्या." त्याने कागदावर लिहून घेतलं. काय द्यायचं विचारल्यावर ती म्हणाली, माझ्या दोन उशांच्या अभ्र्यांवर नाव घालून द्या. पण डिझाइन कोण करणार, हे लक्षात येऊन ती म्हणाली, राहू दे, नंतर बघू.

रविवारी त्याने मधमाशी भरली. लाल चौकट आली नाही. डिझाइन आलं तेव्हा त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. मधमाशीच्या पायांना परागाच्या पिवळ्या पिशव्या होत्या, हमालाच्या पाट्यांसारख्या. खार सुकलेली पानं तोंडात धरून घर शाकारायला निघाल्यासारखी दिसत होती. दोन्ही चौकोन त्याने कडेचे धागे कापून, इस्त्री करून सातांवर ठेवले.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. तिने पायांचं सांगितलं, डॉक्टरांनी दिलेली तारीख तीन आठवड्यांवर आली आहे ते सांगितलं. पांघरुणाचं विचारलं नाही. तोच म्हणाला, "दोन मिळाले. मधमाशी आणि खार. आज भरले."

"बरं," ती म्हणाली. मग म्हणाली, "मांजर कसं होतं, बाबा? बसलेलं होतं का झोपलेलं?"

"माहीत नाही. तिने दाखवलं नव्हतं."

"एकदाही नाही?"

"कापडावर बघा, म्हणायची."

आता ते मांजर पाहिलेलं माणूस जगात कोणीच नव्हतं. "ठेवते," मुलगी म्हणाली, आणि या वेळी फोन हळू ठेवला.

चोरांची दहा दिवसांची मुदत पुढच्या शुक्रवारी संपली. त्याने पैसे पाठवले नाहीत. जुनी डिस्क मास्तरीणबाईने पाकिटात घालून, वर तारीख टाकून दिली, ती कपाटात आहे. तिची किल्ली अजून कोणाला सापडलेली नाही. दुकान अर्धं चालू आहे. पंचिंग दुसऱ्याकडून करून आणतो, ते तिच्यासारखं नसतं, पण गिऱ्हाइकांना कळत नाही. संध्याकाळी तो कधी कधी संगणकापुढे बसतो आणि मांजर काढून बघतो. कान जमतात. पाठीचा बाक जमत नाही. अजून कशावरही टाका घालावा असं वाटलेलं नाही.

बारांपैकी नऊ चौकोन झाले आहेत. सुतारपक्षी, रेशमाचा किडा आणि मांजर हे तीन अजून भरायचे आहेत.